धाब्याचे घर पाडण्याची घाई

वाशिम जिल्ह्यातून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुणे, मुंबई, बंगळूर किंवा थेट परदेशात गेलेल्या कुटुंबांपुढे गावातल्या जुन्या घराचा प्रश्न कधी ना कधी येतोच. बहुधा तो घरातल्या एखाद्या समारंभाच्या निमित्ताने निघतो. वडिलांची पंचाहत्तरी किंवा आजीचे सहस्रचंद्रदर्शन ठरते, भावंडे सुट्ट्या जुळवतात आणि मग कुणीतरी विचारतो, "कार्यक्रम गावातच करायचा, पण घराचे काय?" यावर मिळणारा सल्ला ठरलेला असतो. जुने पाडा, स्लॅबचे बांधा. ते जमत नसेल तर जागा विकून मोकळे व्हा आणि पंचाहत्तरी एखाद्या रिसॉर्टवर करा. नातेवाईक, ठेकेदार आणि शिकलेसवरलेले अभियंतेही हाच सल्ला देतात. त्यामागे सहा-सात युक्तिवाद असतात. ते एकेक करून तपासले, तर हा सल्ला बहुतेक घरांच्या बाबतीत चुकीचा आणि तोट्याचा ठरतो.

आधी हे घर म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. वऱ्हाडातले जुने घर खणांवर मोजले जाते. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिरफळ्यांचा थर आणि त्यावर मातीचे धाबे, अशी त्याची रचना असते. सगळ्यात वरचा थर खाऱ्या मातीचा. तिच्यात गवत रुजत नाही आणि ओली झाली की ती घट्ट बसते. भिंती जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन हात जाड, खाली काळ्या दगडाचे जोते. पुढे ओसरी, आत माजघर, भिंतीत धान्याचे बळद, मागे परस आणि आड. सधन घरांत यालाच देवडी आणि चौक जोडलेला असतो. कापसाच्या व्यापारावर पोसलेल्या कारंजा लाडमध्ये अशा हवेल्यांचे वैभव होते. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही नावे गावकऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. तिथल्या एका हवेलीच्या बांधकामात कस्तुरी मिसळली होती, अशी आख्यायिका सांगतात. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी असलेले वाशिम, रिसोड आणि मंगरूळपीर यांच्या जुन्या वस्त्यांतही अशी घरे उभी आहेत.

प्रश्न आहे तो ज्यांच्याकडे उभे, सावरता येण्याजोगे जुने घर आहे आणि हाताशी चार पैसेही आहेत, त्यांचा. ज्या कुटुंबाला डोक्यावर छप्पर नाही, त्याने घरकुल योजनेतून पक्के घर घेणे योग्यच आहे. ज्या वाड्याची तुळई मोडून छत खाली आले आहे, तोही उतरवावाच लागतो.

पहिला युक्तिवाद टिकाऊपणाचा. मातीचे घर टिकत नाही, दरवर्षी त्याची डागडुजी करावी लागते, असे सांगितले जाते. दोन-तीन पिढ्या राहून गेलेल्या घराबद्दल "टिकत नाही" म्हणणे मुळातच वस्तुस्थितीला धरून नाही. खरी गोष्ट अशी की, असे घर वापरात असेतोवर टिकते आणि कुलूप लागले की खचू लागते. मृगाच्या आधी धाब्यावर चढून भेगा बुजवणे, खारी माती टाकून ती चोपणे आणि पन्हाळीत अडकलेला कचरा काढणे, एवढे दरवर्षी व्हावे लागते. ते दोन पावसाळे चुकले की पाणी एका जागी थांबते, खालची चिरफळी कुजते, कडीच्या टोकाला उधई लागते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो खण बसतो. शेजारचे खण मात्र शाबूत असतात. म्हणजे दोष मातीचा नसून तुंबलेल्या पन्हाळीचा असतो.

दुसरे नुकसान चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीमुळे होते. गावी आलेला मुलगा आठवड्याच्या मुक्कामात गवंडी बोलावतो आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतो. घर नवे दिसते आणि तो समाधानाने परततो. पण मातीची भिंत जमिनीतली ओल वर खेचते आणि पृष्ठभागातून बाहेर सोडते. चुन्याचा किंवा माती-शेणाचा गिलावा तिला ही वाट देतो, सिमेंटचा देत नाही. ओल आतच कोंडते, भिंतीच्या तळाला लोणा लागतो आणि गिलाव्यामागची माती भुसभुशीत होते. काही वर्षांत गिलाव्याचा पापुद्रा फुगतो आणि बोटाने टकटक केले तर पोकळ वाजतो. तो खाली पडतो तेव्हा हातभर मातीही सोबत घेऊन जातो. मग "बघा, सिमेंट लावूनही टिकले नाही" म्हणून घरालाच दोष दिला जातो. वास्तविक त्या सिमेंटनेच भिंत पोखरलेली असते.

दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा आहे आणि तो गांभीर्यानेच घेतला पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि जड धाब्यांखाली दबली. ही आठवण ताजी असताना धाब्याच्या घराची तरफदारी करणे अनेकांना बेजबाबदारपणाचे वाटते. परंतु त्या विध्वंसाची कारणे तज्ज्ञांनी तपासली आहेत. भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांत गुंतवणारे लांब दगड घातलेले नव्हते, कोपऱ्यांत भिंती एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या आणि वर्षानुवर्षे थरावर थर चढवल्याने छपरावर मातीचे प्रचंड ओझे झाले होते. ज्या घरांत छताचा भार भिंतींऐवजी लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर होता, त्यांपैकी अनेकांच्या भिंती बाहेर ढासळल्या, पण चौकट उभी राहिली.

यातून शिकायचे ते असे की छपरावरची जादा माती कमी करावी, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरके आधार द्यावेत, भिंतीत आरपार जाणारे सांधदगड बसवावेत आणि दारांच्या वरच्या पातळीवर घराभोवती लाकडाचा किंवा लोखंडी जाळीचा पट्टा बांधून घ्यावा. भारतीय मानक संस्थेची मातीच्या इमारतींसाठी आयएस १३८२७ आणि कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी आयएस १३८२८ ही मानके १९९३ पासून उपलब्ध आहेत. किल्लारीनंतर मराठवाड्यात पुनर्वसनाबरोबरच घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीचा सरकारी कार्यक्रमही राबवला गेला. उलट, खड्डे न तपासता, सळ्यांचा हिशेब न करता गावोगाव उभ्या राहणाऱ्या स्लॅबच्या घरांना कुणी विचारत नाही की ती भूकंपात टिकतील का. सुरक्षिततेची कसोटी लावायची तर ती दोघांनाही लावली पाहिजे.

तिसरा युक्तिवाद खर्चाचा. दुरुस्तीवर पैसे घालण्यापेक्षा नवे बांधणे स्वस्त, असे ठेकेदार छातीठोकपणे सांगतात. हा हिशेब बहुधा अर्धवट असतो. वाशिम जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळी कपाशीची जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर उथळ पाया घेतला की पक्क्या घराच्या भिंतीही तिरप्या चिरतात. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगीर टोक असलेल्या खांबपायांची पद्धत विकसित केली आहे. पण गावातल्या बांधकामाच्या अंदाजपत्रकात ती क्वचितच सापडते. जुने घर मात्र गावठाणातल्या पांढरीवर, दाबून बसलेल्या जोत्यावर उभे असते. शिवाय बांधकामे निघतात उन्हाळ्यात आणि त्याच वेळी विहिरी तळाला गेलेल्या असतात. स्लॅबवर जितके दिवस पाणी ठेवायला हवे तितके ठेवले जात नाही, काँक्रीट कच्चे राहते आणि पुढे त्यातून पाणी झिरपून सळई गंजते.

याच हिशेबातून सागवान वगळले जाते. पाडकामाच्या सौद्यात "मलबा आम्ही उचलू" असे ठेकेदार सांगतो. त्या मलब्यात शतकभर मुरलेले खांब, कोरीव चौकटी आणि अखंड तुळया असतात. आज तसे लाकूड विकत घ्यायला गेले की किंमत ऐकून माणूस परत फिरतो. मालकाला ते फुकटात गेल्याचेही कळत नाही. आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की स्लॅबची खोली रात्रीही तापलेली असते, तिला कूलर किंवा एसी लागतो आणि वीज गेली की माणसे अंगणात येतात. जाड मातीच्या भिंतीला दुपारची धग आत पोचवायलाच रात्र होते. विजेचा हा कायमचा खर्च धरला, की "नवे स्वस्त" हा दावा उभा राहत नाही.

चौथा युक्तिवाद असा की असे काम करणारे कारागीर आता उरले नाहीत. ते कमी झाले हे खरे, संपले हे खरे नाही. तुळईखाली टेकू देऊन कुजका तुकडा कापायचा आणि त्या जागी जोड बसवायचा, हे सांगितले की समजणारे सुतार तालुक्याच्या गावी भेटतात. खाऱ्या मातीची जागा कुठे आहे आणि धाबे कसे चोपायचे, हे गावातल्या साठी ओलांडलेल्या बाया-माणसांना ठाऊक असते. चुना विरवणे आणि मळणे तरुण गवंड्याला शिकवता येते. काम मिळाले तर कारागीर तयार होतो. मागणीच नसेल तर त्याचा मुलगा सेंट्रिंगच्या कामावर जाणार, हे उघड आहे. म्हणजे कारागीर नाहीत म्हणून घरे पाडायची आणि घरे पाडली म्हणून कारागीर नाहीत, असे हे चक्र आहे. ते तोडायचे तर कामापासूनच सुरुवात करावी लागेल.

पाचवा युक्तिवाद परदेशाचा दाखला देऊनच केला जातो. फ्रान्समध्ये इंग्रज लोक जुनी शेतघरे घेऊन दुरुस्त करतात हे ठीक. ती दगडी घरे, तिथला पैसा निराळा, कायदे निराळे, आपल्याकडे ते चालणार नाही, असे म्हटले जाते. पीटर मेल यांच्या 'अ इयर इन प्रोव्हान्स' या १९८९ च्या पुस्तकानंतर अशा घरांचे वेड जगभर पसरले आणि त्याचेच चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे असते. पण फ्रान्समधली जुनी घरे सगळी दगडी नाहीत. लियाँच्या आसपासचा आणि दक्षिण-पूर्वेकडचा ग्रामीण भाग चोपलेल्या मातीच्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. नॉर्मंडी आणि अल्सासमध्ये लाकडी चौकटीत माती-गवत भरलेल्या भिंती आहेत. ग्रनोब्ल इथे १९७९ मध्ये स्थापन झालेली क्रातेर ही संस्था मातीच्या बांधकामाच्या अभ्यासासाठी जगात ओळखली जाते. तिथेही विसाव्या शतकात जुन्या भिंतींवर सिमेंट फासले गेले, तिथेही ओल कोंडली आणि तिथेही लोक पुन्हा चुन्याकडे वळले. जुन्या शहरभागांच्या रक्षणासाठी फ्रान्सने १९६२ मध्ये मालरो कायदा केला. त्याआधी तिथेही जुने पाडून नवे बांधण्याचाच जोर होता. ती शहाणीव त्यांना जन्मजात मिळाली नव्हती, नुकसान सोसून आली.

आपल्याकडे चालणार नाही, या म्हणण्याला भारतातच उत्तर आहे. राजस्थानातल्या शेखावाटीत, फतेहपूर गावी, १८०२ मध्ये बांधलेली एक मोडकळीला आलेली हवेली नादीन ल प्रँस या फ्रेंच चित्रकर्तीने १९९८ मध्ये विकत घेतली आणि स्थानिक कारागीर लावून सावरली. गोव्यात केपे इथला १७८७ चा 'पालासियो दो देआंव' हा वाडा एका दांपत्याने दुरुस्त केला आणि आज तो पाहुण्यांसाठी खुला आहे. फतेहपूरचा उन्हाळा वाशिमपेक्षा सौम्य नाही आणि केप्याचा पाऊस वाशिमपेक्षा कमी नाही. परक्या देशातून आलेल्या बाईला जे जमले, ते घरच्या लेकरांना जमणार नाही, हे पटण्यासारखे नाही.

सहावा युक्तिवाद वाटणीचा. घर सामाईक आहे, हात लावला की भाऊबंदकी उफाळेल, म्हणून पाडून जागा वाटून घ्या, असे सुचवले जाते. वाद असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाद मालकीचा असतो आणि घर पाडल्याने मालकी स्पष्ट होत नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो अधिक स्पष्ट केला. त्यामुळे बहिणींना बाजूला ठेवून केलेला कोणताही सौदा, मग तो विक्रीचा असो वा पुनर्बांधणीचा, पुढे अडकतोच. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनने मोजमाप करून मिळकतीच्या सनदा देण्याची सोय झाली आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला निवासी घर वारशाने घेता येते, ठेवता येते आणि दुरुस्तही करता येते. म्हणून आधी नोंदी तपासाव्यात, सगळ्या हक्कदारांची नावे लावावीत, भाऊ-बहिणींनी देखभालीचा लेखी करार करावा आणि दरवर्षीच्या खर्चाचा वाटा ठरवावा. दुरुस्त घर वापरण्यावर एकमत होणे सोपे असते, कारण त्यात कुणाला काही सोडून द्यावे लागत नाही. मोकळ्या भूखंडावर मात्र पहिली रेघ ओढतानाच भांडण होते.

सातवा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो आणि तो सगळ्यांत गंभीर आहे. वाडा ही देशमुखी-सावकारीची खूण आहे. ज्यांना त्याच्या उंबऱ्याआत येऊ दिले नाही, त्यांनी त्याचे कौतुक का करावे? हा प्रश्न रास्त आहे आणि जुन्या घरांबद्दल गहिवरून लिहिणारे तो टाळतात. भिंती जपणे म्हणजे त्या भिंतींआडची रीत जपणे नव्हे, हे दुरुस्ती करणाऱ्याने वागण्यातून दाखवावे लागेल. पंचाहत्तरीच्या पंगतीत गावातला कोण कुठे बसतो, यावरून ते दिसेल. त्याच वेळी हेही लक्षात ठेवले पाहिजे की धाब्याची बहुतेक घरे देशमुखांची नव्हती. ती दोन खणांची, तीन खणांची, कुणब्याची, माळ्याची, तेल्याची, मजुराची होती. मातीची आणि हातांची ती विद्या कष्टकऱ्यांचीच आहे. तिला मागासलेपणाचे लक्षण ठरवण्यात वाडेवाल्यांचे काही जात नाही. गवंडी, सुतार आणि बेलदारांचे ज्ञान मात्र जाते.

उरतो शेवटचा आणि सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद. वर्षातून आठ दिवसांसाठी एवढा खटाटोप कशाला? त्यापेक्षा रिसॉर्टवर दोन दिवस सगळे एकत्र राहू, वडिलांचा वाढदिवस साजरा करू, दगदग नको. मुळात पंचाहत्तरी कुणाची असते? ज्यांनी आयुष्य त्या गावात काढले, त्यांची. रिसॉर्टवर ठरलेले चाळीस पाहुणे येतात; तिथे शेजारच्या काकू येऊ शकत नाहीत, शेत वाट्याने करणारा जुना साथीदार येत नाही, शाळेतला वर्गमित्र काठी टेकत येत नाही. घरी केलेल्या कार्यक्रमाला आमंत्रण गेले नाही तरी माणसे येतात, कारण ओसरी रस्त्यावरच असते. माजघरात पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण होते. परसात गोवऱ्यांचा जाळ पेटतो, जाडसर कणकेचे रोडगे निखाऱ्यांत भाजले जातात, राख झटकून ते तुपात चुरले जातात. शेजारी पातेल्यात वांग्याची भाजी रटरटते. रोडग्यांचा स्वयंपाक दहा माणसे हाताला हात लावतात तेव्हाच होतो. परदेशात वाढलेली नातवंडे त्या कामात लागली की भाषेची अडचण आपोआप कमी होते. आजी-आजोबांच्या गावाची ओळख करून देण्याचा याहून चांगला उपाय नाही.

आठ दिवसांचा हा वापर घराच्याही फायद्याचा असतो. कार्यक्रमाची तारीख ठरली की दुरुस्तीला मुदत मिळते, सगळ्या भावंडांची वर्गणी गोळा होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचे ठरले की मृगाआधी धाबे पाहायला माणूस ठेवला जातो. उरलेल्या दिवसांतही घर रिकामे राहिलेच पाहिजे असे नाही. कारंजाच्या गुरुमंदिरात, शिरपूरच्या जैन मंदिरात आणि पोहरादेवीला वर्षभर लांबून भाविक येतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून हा प्रवास सोपा झाला आहे. राज्य सरकारची निवास व न्याहारी योजना अशाच घरांसाठी आहे. घर सांभाळणाऱ्या गावातल्या कुटुंबाला त्यातून हातभार लागू शकतो.

दुरुस्तीचा क्रमही नीट समजून घेतला पाहिजे, कारण क्रम चुकला की पैसा वाया जातो. सर्वांत आधी छत: जादा माती उतरवणे, कुजक्या कड्या बदलणे, पन्हाळी दुरुस्त करणे. धाब्यावर हवा खेळेल इतके अंतर सोडून टीनपत्रे टाकणे हाही व्यवहारी मार्ग आहे. त्यानंतर जोते: पावसाचे पाणी भिंतीपासून दूर नेणारा उतार, भिंतीला टेकलेली माती काढणे, फटीत उगवलेला पिंपळ मुळासकट उपटणे. मग लाकडातली उधई आणि भिंतींचे मजबुतीकरण. त्यानंतर सिमेंटचे पोपडे काढून चुन्याचा किंवा मातीचा गिलावा. विजेची नवी जोडणी उघड्या नळीतून, भिंत न फोडता. संडास, न्हाणी आणि पाण्याची टाकी परसात स्वतंत्र. ओली कामे मातीच्या भिंतीपासून लांबच ठेवावीत. जुन्या घरात राहायचे म्हणजे गैरसोय सोसायची, ही समजूत या शेवटच्या कामानंतर टिकत नाही. रंग आणि सजावट सर्वांत शेवटी. बहुतेक लोक मात्र सुरुवात रंगापासून करतात.

टिकाऊपणा, सुरक्षितता, खर्च, कारागीर, वाटणी किंवा वापर, यांपैकी एकाही कारणाने उभे घर सरसकट पाडण्याचे समर्थन होत नाही. पाडकाम एका दिवसात होते आणि ते परत फिरवता येत नाही. दुरुस्ती चार वर्षांतही टप्प्याटप्प्याने करता येते. म्हणून वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा या तालुक्यांत ज्यांचे जुने घर उभे आहे, त्यांनी ठेकेदाराला बोलावण्याआधी एक जाणता सुतार आणि गावातला एखादा म्हातारा माणूस धाब्यावर चढवावा, त्यांचे म्हणणे ऐकावे आणि घरातला पुढचा मोठा वाढदिवस त्याच घरात करायचे ठरवून तारीख सगळ्यांना कळवावी.